स्मृति-प्रतिचित्रण
स्मृति-प्रतिचित्रण : तबकडीवर साठविलेली फाइल किंवा तिचा काही भाग, अथवा मोकळ्या स्मृतीचा एखादा खंड, संगणकात चालू असलेल्या कार्यक्रमाच्या पत्ता-अवकाशातील सलग पत्त्यांशी जोडून देण्याच्या क्रियेस स्मृति-प्रतिचित्रण म्हणतात. ‘प्रतिचित्रण’ ही संज्ञा येथे गणितातील अर्थाने वापरली आहे. एका संचातील घटकांची दुसऱ्या संचातील घटकांशी सांगड घालणे एवढाच तिचा अर्थ आहे. फाइलीतील पहिला बाइट अमुक पत्त्यावर आहे असे एकदा ठरले की, पुढील प्रत्येक बाइटाचा पत्ता आपोआप ठरतो आणि कार्यक्रम स्वतःच्या स्मृतीतील एखादी संख्या वाचावी त्याप्रमाणे फाइल वाचू शकतो. सांगड घातली जाते त्या वेळी फाइलीची प्रत स्मृतीत आणली जात नाही. केवळ नोंद होते. मजकूर प्रत्यक्षात आणण्याचे काम त्या पत्त्याचा प्रथम उपयोग होईपर्यंत पुढे ढकलले जाते. या पद्धतीचे बहुतेक गुण आणि तिच्यातील धोकेही या पुढे ढकलण्यातूनच उद्‌भवतात.

आभासी स्मृती व पृष्ठे : संगणकाच्या मुख्य स्मृतीतील प्रत्येक बाइटास क्रमांक असतो, त्यास त्या बाइटाचा पत्ता म्हणतात [⟶ संगणक]. सुरुवातीच्या संगणकांत कार्यक्रमातील आज्ञा या खऱ्या पत्त्यांचाच उल्लेख करीत. आधुनिक संगणकांत मात्र प्रत्येक कार्यक्रमास स्वतःचा स्वतंत्र असा काल्पनिक पत्त्यांचा पट्टा दिलेला असतो. यास पत्ता-अवकाश व यातील पत्त्यांस आभासी पत्ते म्हणतात. पत्ता ३२ बिटांचा असल्यास असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते संभवतात. संगणकात तेवढी स्मृती बसविलेली असलीच पाहिजे असे नाही.

आभासी पत्त्याचे खऱ्या पत्त्यात रूपांतर करण्याचे काम प्रक्रियकातील यंत्रणा करते. प्रत्येक बाइटाची स्वतंत्र नोंद ठेवणे अशक्य असल्याने पत्ता-अवकाशाचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतात व त्यांना पृष्ठे म्हणतात. मुख्य स्मृतीचेही तेवढ्याच आकाराचे तुकडे असतात. त्यांना पृष्ठचौकटी म्हणतात. कोणते पृष्ठ कोणत्या चौकटीत आहे, हे पृष्ठसारणी या कोष्टकात लिहिलेले असते. इंटेल कंपनीच्या ८०३८६ या प्रक्रियकात (१९८५) पृष्ठ ४,०९६ बाइटांचे होते आणि त्याच्या वंशातील प्रक्रियकांत मूळ पृष्ठाचा आकार अद्याप तोच आहे. यांखेरीज अधिक मोठ्या पृष्ठांचीही त्यांत सोय आहे. ३२ बिटांच्या पत्त्यातील खालचे १२ बिट पृष्ठातील स्थान दर्शवितात आणि वरचे २० बिट पृष्ठाचा क्रमांक दर्शवितात. दर वेळी सारणी चाळावी लागू नये म्हणून अलीकडे वापरलेली रूपांतरे प्रक्रियक एका लहान व अतिशय जलद कोष्टकात जवळच ठेवतो.

पृष्ठसारणीतील नोंदीत चौकटीच्या क्रमांकाबरोबर आणखी काही खुणा असतात. पृष्ठ सध्या स्मृतीत आहे की नाही, त्यात लिहिण्याची मुभा आहे की केवळ वाचण्याची, ते वापरले गेले आहे का, त्यात बदल झाला आहे का, इ. माहिती या खुणांवरून कळते. यांपैकी ‘आहे की नाही’ ही खूण स्मृति-प्रतिचित्रणाचा पाया होय.

क्रिया : प्रतिचित्रण हवे असलेला कार्यक्रम परिचालन प्रणालीस (यंत्रसामग्री व सर्व कार्यक्रम यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस) तशी विनंती करतो. युनिक्स व तिच्या वंशातील प्रणालींत या विनंतीस ‘एममॅप’ असे नाव आहे. विनंतीत फाइल, फाइलीतील प्रारंभस्थान, लांबी, वाचन-लेखनाची मुभा आणि प्रतिचित्रणाचा प्रकार या बाबी सांगाव्या लागतात. प्रारंभस्थान पृष्ठाच्या आकाराच्या पटीत असावे लागते. प्रणाली पत्ता-अवकाशातील मोकळा पट्टा निवडते, त्याची नोंद करते आणि पट्ट्याचा पहिला पत्ता कार्यक्रमास कळविते. फाइल कितीही मोठी असली, तरी या क्रियेस फारसा वेळ लागत नाही. कारण तबकडीवरून काहीच वाचलेले नसते.

कार्यक्रमाने यातील एखाद्या पत्त्याचा प्रथम उपयोग केला की, प्रक्रियकास पृष्ठ उपस्थित नसल्याचे आढळते. या प्रसंगास पृष्ठाभाव म्हणतात. पृष्ठाभाव म्हणजे चूक नव्हे. तो प्रणालीस दिलेला इशारा होय. कार्यक्रम त्या आज्ञेवरच थांबविला जातो. प्रणाली आपली नोंद पाहून तो पत्ता कोणत्या फाइलीतील कोणत्या भागाचा आहे हे ठरविते, तो भाग चौकटीत आणते, पृष्ठसारणीत चौकटीचा क्रमांक भरते आणि अडलेली आज्ञा पुन्हा चालू करते. कार्यक्रमास मध्ये काही घडल्याचे कळतही नाही. तो पत्ता कोणत्याच नोंदीत नसेल, तर मात्र ती खरोखरच चूक ठरते व कार्यक्रम बहुधा बंद पाडला जातो.

पृष्ठाभावाची किंमत प्रसंगानुसार फार वेगळी असते. हवे असलेले पृष्ठ अन्य कारणाने आधीच स्मृतीत आणलेले असेल, तर केवळ सारणीतील नोंद भरून काम भागते. ते तबकडीवरून आणावे लागल्यास यांत्रिक तबकडीला काही सहस्रांश सेकंद लागतात. मुख्य स्मृतीतून एक संख्या वाचण्यास साधारणपणे सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. म्हणजे दोहोंमध्ये लाखपटीच्या आसपास तफावत पडू शकते. घन-अवस्था साठवण साधनांनी ही तफावत पुष्कळ कमी केली असली, तरी ती नाहीशी झालेली नाही.

उदाहरणादाखल वर्णक्रमाने लावलेला शब्दकोश एका फाइलीत असून ती ४,०९,६०,००० बाइटांची, म्हणजे बरोबर १०,००० पृष्ठांची आहे असे मानू. शब्द शोधण्यासाठी प्रथम फाइलीचा मध्य पाहावयाचा, शब्द त्याच्या आधी येतो की नंतर हे ठरवावयाचे व उरलेल्या अर्ध्या भागाचा पुन्हा मध्य पाहावयाचा, ही दुभाजनाची रीत वापरल्यास सु. १४ पृष्ठांना स्पर्श करून शब्द सापडतो. कारण दोनचा चौदावा घात १६,३८४ हा १०,००० पेक्षा मोठा आहे. सबंध फाइल वाचून घेणाऱ्या कार्यक्रमाला चार कोटींहून अधिक बाइट आणावे लागतात, तर येथे ५७,३४४ बाइटांवर काम भागते. शेजारची पृष्ठेही लागतील या अंदाजाने प्रणाली थोडी अधिक पृष्ठे आगाऊ आणते, तरीही फरक मोठाच राहतो. शिवाय यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असल्याने ४,०९६ बाइटांच्या पृष्ठात १,३६५ चिन्हे मावून एक बाइट उरतो. म्हणजे एखादे चिन्ह दोन पृष्ठांत विभागले जाते. फाइल तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्या कार्यक्रमाला हे तुटलेले चिन्ह स्वतः सांधावे लागते. प्रतिचित्रणात मात्र पत्ते सलग असल्याने पृष्ठांची सीमा कार्यक्रमास जाणवत नाही.

वाचनाच्या रूढ पद्धतीशी तुलना : रूढ पद्धतीत कार्यक्रम ‘या फाइलीतील पुढील इतके बाइट अमुक जागी आणून द्या’ अशी विनंती करतो. प्रणाली ते बाइट प्रथम स्वतःच्या पृष्ठसंचयात आणते व तेथून त्यांची दुसरी प्रत कार्यक्रमाच्या जागेत उतरविते. प्रतिचित्रणात पृष्ठसंचयातील चौकटच कार्यक्रमाच्या पत्त्याशी जोडली जात असल्याने दुसरी प्रत वाचते. दहा कार्यक्रमांनी एकाच फाइलीचे प्रतिचित्रण केले, तरी मजकुराची स्मृतीतील प्रत एकच असते.

तथापि प्रतिचित्रण नेहमीच जलद ठरते असे नाही. फाइल आरंभापासून शेवटपर्यंत एकदाच वाचावयाची असेल, तर पृष्ठाभाव हाताळणे व सारणीतील नोंदी भरणे-पुसणे यांचा खर्च प्रत उतरविण्याच्या खर्चाइतका किंवा त्याहून अधिकही होऊ शकतो. अनेक प्रक्रियक असलेल्या संगणकात एखादी नोंद रद्द करावयाची झाल्यास प्रत्येक प्रक्रियकाजवळील जलद कोष्टकातूनही ती काढावी लागते. हा खर्च प्रक्रियकांच्या संख्येबरोबर वाढतो. विखुरलेल्या जागी पुनःपुन्हा वाचन करणे आणि एकच मजकूर अनेक कार्यक्रमांत वापरणे, या प्रसंगी प्रतिचित्रण विशेष उपयुक्त ठरते.

प्रकार : (१) सामायिक प्रतिचित्रण : यात कार्यक्रमाने केलेला बदल त्याच फाइलीचे सामायिक प्रतिचित्रण केलेल्या इतर कार्यक्रमांस दिसतो व कालांतराने फाइलीतही उतरतो. दोन कार्यक्रमांनी परस्परांत माहितीची देवघेव करण्याचा हा अतिशय जलद मार्ग आहे. मात्र एक लिहीत असताना दुसऱ्याने अर्धवट मजकूर वाचू नये याची व्यवस्था कार्यक्रमांनाच करावी लागते.

(२) खासगी प्रतिचित्रण : यात कार्यक्रमाने केलेले बदल त्याच्यापुरतेच राहतात. त्यासाठी सबंध फाइलीची प्रत आधी काढून ठेवली जात नाही. सर्व पृष्ठे प्रथम केवळ वाचनासाठी जोडली जातात. एखाद्या पृष्ठात लिहिण्याचा प्रयत्न होताच पृष्ठाभावासारखा प्रसंग उद्‌भवतो, तेवढ्याच पृष्ठाची वेगळी प्रत काढली जाते आणि लेखन त्या प्रतीत होते. या युक्तीस लेखनसमयी प्रत काढण्याची पद्धत म्हणतात.

(३) अनामिक प्रतिचित्रण : यामागे कोणतीही फाइल नसते. पहिल्या उपयोगाच्या वेळी शून्यांनी भरलेले पृष्ठ पुरविले जाते. कार्यक्रमास चालू असताना लागणारी मोठी स्मृती पुष्कळदा याच मार्गाने मिळविली जाते.

आधुनिक प्रणालींत कार्यक्रम सुरू होणे हेच मुळी प्रतिचित्रण असते. कार्यक्रमाच्या आज्ञांची फाइल खासगी रीतीने पत्ता-अवकाशात जोडली जाते व अंमल होत जाईल तशी तिची पृष्ठे आणली जातात. अनेक कार्यक्रमांना लागणाऱ्या सामायिक आज्ञासंग्रहांची वाचनीय पृष्ठेही स्मृतीत एकदाच असतात. असे नसते, तर शेकडो कार्यक्रम एकाच वेळी चालविणाऱ्या संगणकाला तोच आज्ञासंग्रह शेकडो वेळा स्मृतीत ठेवावा लागला असता.

इतिहास : या कल्पनेचे मूळ इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठ व फेरांटी कंपनी यांनी बनविलेल्या ॲटलास संगणकात आढळते. १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या या यंत्रात ४८ बिटांच्या १६,३८४ शब्दांची चुंबकीय कड्यांची स्मृती व तिच्या सहापट क्षमतेचे फिरते चुंबकीय दंडगोल होते. टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही मिळून एकच साठवण असल्याचा आभास कार्यक्रमकारास करून दिला. त्यासाठी स्मृतीची ५१२ शब्दांची ३२ पृष्ठे पाडलेली होती आणि कोणते पृष्ठ दंडगोलावर परत पाठवावे हे यंत्रच ठरवीत असे. मात्र ही साठवण कार्यक्रमापुरती होती. नाव असलेल्या व टिकून राहणाऱ्या फाइलींशी तिचा संबंध नव्हता.

तो संबंध मल्टिक्स या प्रणालीने जोडला. १९६५ मध्ये मॅसॅचूसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी मिळून हा प्रकल्प हाती घेतला. मल्टिक्समध्ये फाइल व स्मृतीचा खंड या दोन वेगळ्या वस्तूच नव्हत्या; साठविलेला प्रत्येक खंड पत्त्याने थेट वापरता येई. मल्टिक्स चालविणारे अखेरचे यंत्र २००० मध्ये बंद झाले. पीडीपी-१० संगणकावरील टेनेक्स या प्रणालीतही फाइलीची पृष्ठे कार्यक्रमाच्या पृष्ठांशी जोडण्याची सोय होती. आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३८ या संगणकात (१९७८) सर्व साठवण एकाच ४८ बिटांच्या पत्ता-अवकाशात सामावलेली होती.

युनिक्स प्रणालीने मात्र निराळा मार्ग धरला. बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये मल्टिक्स प्रकल्पातून बाहेर पडली आणि त्याच वर्षी केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी एका लहान पीडीपी-७ यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. त्या यंत्रात पृष्ठांची सोय नव्हती आणि त्यानंतरच्या पीडीपी-११ यंत्रातही आभासी पत्ता १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ बाइटांपुरता होता. एवढ्याशा अवकाशात फाइली मावणे शक्य नसल्याने क्रमाने वाचणे व लिहिणे हीच पद्धत रूढ झाली. व्हॅक्स या ३२ बिटांच्या संगणकाबरोबर परिस्थिती बदलली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९७९ मध्ये युनिक्सला पृष्ठांवर आधारित आभासी स्मृतीची जोड दिली. तिच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीच्या (१९८३) माहितीपुस्तिकेत ‘एममॅप’चे वर्णन होते, पण ती सोय प्रत्यक्षात केलेली नव्हती. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या सनओएस ४.० (१९८८) या प्रणालीत ती पूर्ण स्वरूपात आली. १९९३ मध्ये पॉझिक्स या मानकाच्या विस्तारात तिचा समावेश झाला आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज एनटी प्रणालीतही याच स्वरूपाची सोय होती.

पुढे पत्त्याची लांबी हीच अडचण ठरू लागली. ३२ बिटांच्या अवकाशात चार अब्जांहून थोडे अधिक पत्ते असून त्यांतील काही प्रणालीसाठी राखून ठेवावे लागतात. त्यामुळे फार मोठ्या फाइलीचे एकाच वेळी प्रतिचित्रण करता येत नसे. तिचा एकेक भाग जोडून सोडावा लागे. २००३ मध्ये बाजारात आलेल्या एएमडी कंपनीच्या ६४ बिटांच्या प्रक्रियकांत आभासी पत्ता ४८ बिटांचा होता. त्यामुळे सु. २८१ लाख कोटी पत्ते उपलब्ध झाले व ही अडचण व्यवहारात नाहीशी झाली.

टिकाऊपणा व चुका : सामायिक प्रतिचित्रणात लिहिलेली संख्या प्रथम स्मृतीतील चौकटीत बदलते; तबकडीवर ती केव्हा उतरावयाची हे प्रणाली ठरविते. लिहिणारा कार्यक्रम मध्येच बंद पडला, तरी बदल पृष्ठसंचयात असल्याने फाइलीत उतरतो. परंतु वीज गेल्यास तो नष्ट होऊ शकतो. बदल तबकडीवर पोहोचला याची खात्री हवी असेल, तर ‘एमसिंक’ ही वेगळी विनंती करून ती पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. याहून सूक्ष्म धोका क्रमाचा आहे. बदललेले पृष्ठ प्रणाली ‘एमसिंक’पूर्वीही, तिच्या सोयीने केव्हाही, तबकडीवर उतरवू शकते. एका खात्यातून रक्कम वजा करणे व दुसऱ्यात जमा करणे हे बदल दोन पृष्ठांत असतील आणि त्यांतील एकच उतरल्यावर वीज गेली, तर फाइलीतील हिशेब जुळत नाही.

चुका कळण्याची रीतही येथे वेगळी असते. रूढ वाचनात तबकडीतील दोष विनंतीच्या उत्तरातून कळतो व कार्यक्रम त्यावर उपाय करू शकतो. प्रतिचित्रणात विनंतीच नसल्याने उत्तरही नसते. साध्या बेरजेच्या आज्ञेवर कार्यक्रम अडतो व युनिक्स वंशातील प्रणाली त्यास ‘सिगबस’ हा संकेत पाठविते. त्याची व्यवस्था केलेली नसल्यास कार्यक्रम बंद पडतो. प्रतिचित्रण झाल्यावर दुसऱ्या कोणी फाइल आखूड केली आणि कार्यक्रमाने नाहीशा झालेल्या पृष्ठास स्पर्श केला, तरी हेच घडते. तसेच प्रतिचित्रणात लिहून फाइलीची लांबी वाढविता येत नाही. फाइलीच्या अंतापुढे अखेरच्या पृष्ठात उरलेली जागा शून्यांनी भरलेली असते व तीत लिहिलेले फाइलीत उतरत नाही.

या कारणांमुळे माहितीसंच सांभाळणाऱ्या प्रणालींनी प्रतिचित्रणावर कितपत विसंबावे, याविषयी मतभेद आहेत. माँगोडीबी या प्रणालीची आरंभीची साठवण यंत्रणा प्रतिचित्रणावर आधारित होती. २०१५ मध्ये तिच्याऐवजी दुसरी यंत्रणा मुख्य करण्यात आली व २०१९ मध्ये जुनी काढून टाकण्यात आली. याउलट २०११ मध्ये पुढे आलेल्या एलएमडीबी या लहान प्रणालीत सबंध माहितीसंच प्रतिचित्रणाने वाचला जातो. मात्र ते सामान्यतः केवळ वाचनासाठी असते, लेखन रूढ विनंतीने होते आणि जुने पृष्ठ न बदलता नवे पृष्ठ लिहिले जाते. अँड्रू क्रॉटी, व्हिक्टर लाइस व अँड्रू पाव्हलो यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात व्यवहारांची सुरक्षितता, अकल्पित खोळंबा, चुकांची हाताळणी आणि वेग या चारही बाबतींत माहितीसंच प्रणालींसाठी प्रतिचित्रण गैरसोयीचे असल्याचे प्रतिपादन केले. स्मृतीतून कोणते पृष्ठ केव्हा काढावे हे माहितीसंच प्रणालीस अधिक चांगले कळते. तो निर्णय परिचालन प्रणालीच्या हाती सोपविल्यास ते ज्ञान वाया जाते, हा या आक्षेपांमागील प्रमुख मुद्दा आहे.

सुरक्षितता : प्रतिचित्रणामुळे फाइलींच्या रक्षणाचा काही भार पृष्ठसारणीतील खुणांवर येऊन पडतो. वाचनाचीच मुभा असलेल्या फाइलीचे खासगी प्रतिचित्रण कोणासही करता येते. कारण लेखन वेगळ्या प्रतीत होईल अशी हमी असते. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात ही हमी २००७ पासून सदोष होती. प्रत काढण्याची क्रिया चालू असतानाच ते पृष्ठ नको असल्याचे प्रणालीस पुनःपुन्हा कळविले, तर क्वचित क्षणी लेखन प्रतीऐवजी मूळ फाइलीच्या पृष्ठात होई. त्यामुळे सामान्य वापरकर्त्यास व्यवस्थापकाचे अधिकार मिळविता येत. ‘डर्टी काउ’ या नावाने प्रसिद्ध झालेला हा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये दूर करण्यात आला.

प्रतिचित्रणामुळे फाइल व स्मृती यांतील भेद कार्यक्रमाच्या दृष्टीआड होतो. तो नाहीसा होत नाही. मजकूर बदलत नाही व पुष्कळ कार्यक्रम तो वाचतात, अशा ठिकाणी, उदा., आज्ञासंग्रह, शब्दकोश, नकाशे, शोधसूची यांबाबत ही पद्धत सोपी, काटकसरीची व निर्धोक आहे. जेथे लिहिलेली प्रत्येक नोंद टिकणे आवश्यक असते, तेथे ती केव्हा व कोणत्या क्रमाने तबकडीवर उतरते याचा हिशेब कार्यक्रमकारास स्वतःकडेच ठेवावा लागतो.